वगळलेली सिप्पोरा

माझ्या वर्गात एक गोष्ट दरवर्षी वगळली जायची, आणि वगळणारी मीच होते. मावशी दरवर्षी विचारायची, "माझी गोष्ट कवा घेनार हाईस?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आता मावशी गेली. आणि संपादकांचं पत्र आलं आहे की, अध्यापनाच्या काही गमतीदार आठवणी दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. गमती झाल्या, त्या लिहिते. पण सध्या मी रागात आहे, आणि तो राग बाजूला ठेवून लिहिणं मला जमणार नाही. संपादकांनी काटछाट करायची असेल तर गमतींची करावी.

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवताना दर जूनमध्ये नवीन आलेल्या कुणाला तरी ते सांगावंच लागे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वज कोकण किनाऱ्यावर उतरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. "म्हणजे ख्रिश्चनच ना?" हा पुढचा प्रश्न. नाही. आमची जुनी माणसं प्रार्थनालयाला 'मशीद' म्हणत, हे सांगितलं की विचारणारा आणखी गोंधळायचा आणि मी चहा प्यायला निघून जायचे.

आमच्यातली काही घरं रेल्वेमुळे आणि दवाखान्यांमुळे मिरजेत आली, काही पलटणीमुळे साताऱ्यात राहिली. बरीचशी मुंबईला आणि इस्राएलला गेली. उरलेली घरं एका लग्नाच्या पंगतीत बसतील इतकी. प्रार्थनालय इथे नाही, ते पुण्याला.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात मावशी म्हणाली, "रिकामी बसू नगंस. आमाला शिकव."

"काय शिकवू?"

"बायकांच्या गोष्टी. पुरुषांच्या मला पाठ हायत. कोन कुटं लढला, कुनाला किती पोरं झाली. बायकांचं काय म्हननं हुतं ते काय मला अजून कळलं न्हाई."

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. नाव सिप्पोरा. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हा तिने मला नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये आणून वाढवलं. लग्न केलं नाही. आमच्या समाजात एखादी बाई वारली की मिरज-सांगलीपासून साताऱ्यापर्यंत तिला आंघोळ घालायला, कफन घालायला मावशीच जायची. हे काम आमच्यात सगळ्यात मोठं पुण्य मानतात, कारण ज्याच्यासाठी करायचं तो आभार मानू शकत नाही.

तर असा वर्ग सुरू झाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मिरजेत, एका तंबोरे बनवणाऱ्या चाचांच्या कारखान्यावरच्या खोलीत. खाली भोपळे वाळत पडलेले असायचे आणि कुणीतरी तासन् तास एकच तार लावत बसलेलं असायचं. मोठ्या माणसांना शिकवण्यात एकच अडचण आहे. धर्मग्रंथातली गोष्ट त्यांना आधीच येत असते. लहान मूल विचारतं, पुढे काय झालं? मोठा माणूस पहिल्या वाक्यालाच मान हलवतो आणि बोध सांगून मोकळा होतो. सारा म्हणजे पतिव्रता, राहेल म्हणजे आई, लोटची बायको म्हणजे भोचक बाई. गोष्ट संपली, चहा आणा.

म्हणून मी फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डाव्या बाजूला 'लिहिलेलं', उजव्या बाजूला 'आपण घातलेलं'. उतारा तीनदा वाचायचा, हळू. मग तीन प्रश्न. हिचं नाव दिलं आहे का? ही काय बोलली? आणि ही कुठे गप्प आहे? शास्त्री-पंडितांची भाष्यं नंतर. आधी कागदावर काय आहे ते बघा. पहिले काही महिने उजवी बाजू भरून वाहायची आणि डावीकडे चार शब्द असायचे. हे पाहून लोक ओशाळे होत. मला त्यात फार आनंद व्हायचा, हे कबूल करते.

बेनी कुपवाडहून यायचा. तिथे त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रविवारीसुद्धा नखांत ग्रीस. पहिल्या वर्षी तो फक्त बायकोला सोडायला यायचा आणि खाली चाचांशी लाकडाबद्दल बोलत बसायचा. ज्या दिवशी रिबकेची गोष्ट होती त्या दिवशी पाऊस होता म्हणून वर येऊन बसला. रिबका विहिरीवर पाणी भरते, परक्या माणसाला पाजते आणि त्याच्या दहा उंटांनाही पाजते. सगळ्यांनी सांगितलेलं मी उजव्या बाजूला लिहिलं: सुशील, लाजाळू, सेवाभावी.

बेनीने हात वर केला. "बाई, उंट एका टायमाला किती पानी पितो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने मोबाईलवर बघितलं, ओठ हलवत गुणाकार केला आणि उभाच राहिला. "हजार लिटरच्या आसपास जातंय! घागरीनं! आवं, ही पोरगी लाजाळू कुटली? हिच्यासमोर आमच्या वर्कशॉपातली चार मानसं हात टेकतील. त्यो मानूस उभा राहून नुसता बघत हुता असं लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग त्येला लाज वाटली का, ते लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मावशी इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. बेनीने त्या दिवसापासून एकही रविवार चुकवला नाही.

राहेलताई मेढ्याहून यायच्या, एसटीने साताऱ्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने मिरजेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या बोलत कमी. लोटच्या बायकोच्या दिवशी सगळे तिच्यावर तुटून पडले होते, की जळत्या शहरातून निघताना देवाने सांगितलं होतं मागे बघू नका, हिने बघितलं, मिठाचा खांब झाली. तेव्हा राहेलताई फळ्यापाशी आल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "इथे जावई लिहिलेत. जावई शहर सोडून आले नाहीत. म्हणजे लग्न झालेल्या मुली मागेच राहिल्या." मग जागेवर जाऊन बसल्या आणि बसल्यावर म्हणाल्या, "आमच्या शाळेत धरणात गेलेल्या गावांतली पोरं होती. त्यांच्या आया पाणी बघायला जायच्या. पाण्यात काही दिसत नाही. तरी जायच्या."

त्या दिवशी कुणी बोध सांगितला नाही.

आता सॉलोमनकाका. निवृत्त सुभेदार, राहणार सातारा. वर्गाला दहा मिनिटं आधी येणार, खिडकीजवळची खुर्ची घेणार, डोक्यावर कापडी टोपी, शर्टाला कडक इस्त्री. आमच्या भागात हिब्रू प्रार्थना खणखणीत म्हणू शकणारे ते एकटेच, त्यामुळे लग्न, मयत, सण, सगळीकडे पुढे तेच. वर्गात ते येत ते मुख्यतः भांडायला. "बाई, तुम्ही प्रश्न विचारता ते ठीक. पण हे प्रार्थनेचं पुस्तक आहे, कॉलेजचा पेपर नाही." मावशीचं आणि त्यांचं तर दर महिन्याला वाजायचं.

"सुभेदार, तुमी उत्तर आदी ठरवून येता आन मग गोष्ट ऐकता."

"सिस्टर, तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर प्रश्न विचारत बसता का? तिथे नियमच चालतो ना?"

"पेशंट मरायला लागला तर न्हाई चालत. तवा हाताला यील ते करायचं."

मला ते आवडत असत. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी त्यांचा कायमच तिरस्कार करत होते. एकदा मी त्यांना विचारलं होतं, एवढं काटेकोर राहून काय मिळतं? ते म्हणाले, "बाई, आपण मूठभर. नियम सोडले की आपण आडनावापुरते उरतो." ते मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. 

पहिल्याच वर्षी मी सिप्पोराचा उतारा घेणार होते. मोशे, म्हणजे आमच्या लोकांना गुलामीतून सोडवणारा प्रेषित, त्याची बायको. फळ्यावर नाव लिहिलंही होतं. काका उठले, माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, हा नको. सुंतेचा विषय आहे, मिश्र मंडळी आहेत. बरं दिसत नाही." मला काय झालं होतं कोण जाणे. जी बाई कॉलेजात शृंगारिक लावण्या मुलांना डोळ्याला डोळा भिडवून शिकवत आली होती, तिने डस्टर उचललं आणि नाव पुसलं. एका सुभेदाराचा मान राखायला. मागच्या बाकावर त्याच नावाची बाई वही उघडून बसली होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. पुढे ती सवयच झाली.

गोष्ट तीन ओळींची आहे. मोशे बायको-मुलाला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, निघाला आहे. वाटेतल्या मुक्कामात देव त्याच्या जिवावर उठतो. का, ते नीट लिहिलेलं नाही. मुलाची सुंता राहून गेली होती एवढं पुढच्यावरून कळतं. सुंता म्हणजे आमचा देवाशी करार, मुलग्याच्या आठव्या दिवशी व्हायलाच हवी, आणि ती पुरुषानेच करायची. मोशे तिथे काय करतो? काही नाही. सिप्पोरा धारदार दगड घेते, स्वतःच्या हाताने मुलाची सुंता करते. आणि देव मोशेला सोडतो.

हे माहीत असूनही मी ती वगळत राहिले. आणि मग हीच गोष्ट आमच्यात घडली.

काकांची सून रीना मिरजेत राहते, वर्गालाही येते. तिला मुलगा झाला त्या आठवड्यात कृष्णेला पूर होता. सांगलीत पाणी शिरलं होतं, पुण्याचा रस्ता बंद. आमच्यात सुंता करणाऱ्याला मोहेल म्हणतात. तो पुण्याहून यायचा होता, तो कऱ्हाडलाच अडकला; काका मात्र बाळंतपणासाठी आधीच साताऱ्याहून येऊन राहिले होते. आठवा दिवस उजाडला. सगळे म्हणाले, पाणी उतरू दे, मग करू. काका ऐकेनात. आठवा म्हणजे आठवा. शेवटी मावशीने तिच्या ओळखीच्या सर्जनला गाठलं. छेद डॉक्टरांनी घ्यायचा, आशीर्वादाचे हिब्रू शब्द काकांनी म्हणायचे, मूल काकांच्याच मांडीवर, मावशी डॉक्टरांच्या हाताशी.

मी दाराबाहेर उभी होते. मूल रडलं. शब्द ऐकू येईनात. रीनाचा नवरा घामाघूम होऊन बाहेर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. सीमेवर ज्यांनी नाही नाही ते पाहिलं होतं त्या सुभेदारांचा आवाज नातवाचं रक्त बघून बंद झाला होता. क्षणभर नुसतं रडणं. आणि मग मावशीचा आवाज, मास्कमधून, सावकाश, एकही शब्द न चुकता. पुरुषाने म्हणायचे शब्द तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. अशा आशीर्वादावर ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं असतं, मगच तो पुरा होतो. तो आमेन आला. काकांचाच होता. मी ऐकला.

पाणी उतरल्यावर जेवण झालं. काका पंगतीत सगळ्यांना सांगत होते, मोहेल पोचला नाही, मग मीच म्हटलं. मी मावशीकडे बघितलं. ती वाढत होती. घरी आल्यावर मी तणतणले तर म्हणाली, "म्हनू दे की. त्या लेकराला काय फरक पडतोय? पन गोष्ट घे गं यंदा. माझ्या नावाची हाय म्हून न्हाई. मला बघायचं हाय, सुभेदार ती कशी वाचत्यात."

घेतली नाही. त्या वर्षी एस्तेर राणीची गोष्ट लांबली.

मागच्या हिवाळ्यात मावशी फार थकली. एका दुपारी तिने मला कपाटातून एक घडी घातलेला कागद काढायला लावला. कद्दिश होतं. मेलेल्या माणसासाठी त्याचं माणूस ही प्रार्थना म्हणतं. आमच्याकडे हिब्रू लिपी सगळ्यांना येत नाही, म्हणून देवनागरीत उतरवून घेतात. मावशीने स्वतःच्या गोल अक्षरात उतरवलं होतं.

"मला ना ल्योक ना लेक. माझ्यामागं हे तू म्हन."

"मावशी, दहा पुरुष लागतात. आणि म्हणायचंही पुरुषाने."

"तुला वाचता येतंय न्हवं? मग वाच."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला म्हणतात तसं हो. तिला ते कळलं असणार, कारण तिने पुन्हा विचारलं, "वाचशील?" आणि मी पुन्हा हो म्हटलं.

ती शुक्रवारी पहाटे गेली. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ लागतो. शब्बाथात दफन करता येत नाही. म्हणजे दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं. चार बायकांनी तिला आंघोळ घातली. चौघींनाही ते तिनेच शिकवलेलं होतं. बेनी फोनवर बसला. मिरज, सांगली, कोल्हापूर, सातारा मिळून नऊ पुरुष जमले. दहावे एक गृहस्थ पुण्याहून निघाले होते. खंबाटकी घाटात कंटेनर उलटला आणि ते घाटात अडकले. चार वाजले. पाच वाजले.

मी काकांना म्हटलं, "रविवारी करू."

"मयत ठेवायची नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मिरजेत त्या वेळी पुरुषांचा तुटवडा नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर आले होते, वॉर्डबॉय आले होते, चाचा त्यांच्या तिन्ही मुलांना घेऊन आले होते. अर्ध्या गल्लीने तिला खांदा दिला. त्यातला एकही आमच्या मोजणीत धरता येत नव्हता. आणि फाटकाबाहेर आम्ही अकरा ज्यू बायका उभ्या होतो, कारण आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. आम्हालाही धरता येत नव्हतं.

आम्ही माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाही. जिवंत माणसाला आकडा लावू नये म्हणतात. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं तर दहा आहेत. फाटकातून मला काका दिसत होते. त्यांनी नऊ शब्द म्हटले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटले. पुन्हा नऊला थांबले. दहावा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

बेनी म्हणाला, "काका, बायका हायत की फाटकाशी. लांब न्हाईत."

"बेनी, गप्प."

माती पडायला लागली. मातीचा आवाज भिंतीवरून स्पष्ट येतो. कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्सची चेन मी उघडली. अकरा वर्षं मी मोठ्या माणसांना विचारत आले होते, ही बाई कुठे गप्प आहे? राहेलताईंनी माझा हात धरला होता. धरण्यावरून कळत होतं की त्या वाट बघतायत. मी चेन लावून टाकली. सूर्य मावळायच्या आत सगळे पुरुष हात धुऊन बाहेर आले. मावशी कद्दिशशिवाय गेली. पुण्याचे गृहस्थ अंधार पडल्यावर पोचले आणि दाराशी उभे राहून रडले, बिचारे. त्यांच्यावर मी चिडलेली नाही.

सुतकात काका उकडलेली अंडी घेऊन आले. आमच्याकडे सुतकाच्या घरी तसं आणतात. म्हणाले, भाचीला सुतक लागत नाही खरं तर, आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा, मुलं एवढ्यांनाच. पण तुम्ही बसला आहात तर असो. मी अंडी ठेवून घेतली.  त्यांनी रीतसर सांत्वन केलं आणि गेले. जिने मला वाढवलं तिची मी धर्माच्या नजरेत कोणी लागत नव्हते, हे मला त्यांनी माझ्याच घरात खुर्चीवर बसून समजावून सांगितलं होतं.

पुढच्या महिन्याचा शेवटचा रविवार आला. वर्ग बंद करावा असं मनात होतं. मग वाटलं, बंद करायचाच तर ती गोष्ट घेऊन बंद करावा. काका दहा मिनिटं आधी आलेले होतेच. मी फळ्यावर रेघ मारली आणि नाव लिहिलं. सिप्पोरा.

"बाई, हे नको," काका म्हणाले.

"आज हेच. तुम्हीच वाचा. तुमच्याइतकं चांगलं कुणी वाचत नाही."

शिस्तीचा माणूस. सांगितलेलं काम नाकारत नाही. वाचलं, तीनदा, मी सांगितलं तसं हळू. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज थोडा उतरला होता. खाली तार लावणं चाललं होतं.

बेनी म्हणाला, "म्हंजे देव मारायला आला तवा नवरा काय करत हुता?"

"लिहिलेलं नाही."

"आन बाईनं पुरुषाचं काम केलं."

"लिहिलंय."

"आन देवानं ते चालवून घेतलं?"

"सोडून दिलं असं लिहिलंय."

राहेलताई म्हणाल्या, "तिथे दहा पुरुष होते का, लेयाबाई?"

"टोमणे कळतात मला," काका म्हणाले. "मी काय आनंदाने केलं का ते? मला त्या दिवसापासून झोप नाही. पण नऊला दहा म्हणायचं मी? उद्या आठाला म्हणा, परवा एकाला. मग राहील काय?"

"नऊला दहा म्हणा असं कुणी म्हटलं नाही," मी म्हणाले.  "दहा होते. वीस होते. नऊ आत आणि अकरा बाहेर. तुम्ही फाटकाकडे बघितलं नाही. आणि मी फाटकातून हाक मारली नाही. मी तुमच्यावर चिडले आहे काका, आणि माझ्यावर जास्त. मी तिला हो म्हटलं होतं."

 मग मी उभी राहिले आणि दहा शब्दांचं ते वचन म्हणायला लागले. रीनाकडे बघून पहिला शब्द. बेनीच्या बायकोकडे बघून दुसरा. राहेलताई. अशी खोलीभर. दहावा शब्द संपला तेव्हा बायका संपल्या नव्हत्या. मी स्वतः उरले होते.

पर्समधून कागद काढला. बायका एकेक करत उभ्या राहिल्या. बेनी उभा राहिला. काका खुर्चीत, टोपी सरळ, हात गुडघ्यांवर. मी मावशीच्या गोल अक्षरातलं वाचायला लागले. कद्दिशमध्ये एक ठिकाण येतं जिथे म्हणणारा थांबतो आणि ऐकणारे आमेन म्हणतात. मी थांबले. बेनीने तोंड उघडलं, रीनाने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"पप्पा," ती सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही म्हणा. पुराच्या वेळी बाळाचे शब्द मावशींनी म्हटले होते. मी तिथेच बसले होते. तुम्ही त्यावर आमेन म्हणालात. तो आमेन खोटा असेल तर माझ्या मुलाची सुंताही खोटी आहे."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग फळ्याकडे. मग उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ लागला. ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. मागच्या बाकावरच्या मुलांना तीस वर्षं म्हणत आले तसंच.

"आमेन," सॉलोमनकाका म्हणाले. खाली तार लावणारा हात थांबला, इतक्या मोठ्यांदा.

एवढा आवाज त्या शुक्रवारी कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे आरामात पोचला असता. माझाही. मी चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.